चेहऱ्यांकडे तोंड करून

मध्यंतराला अकरा मिनिटं उरली होती. जहाज नुकतंच पाण्यातून वर आलं होतं, बाराशे माणसांची तोंडं उघडी पडली होती, आणि पाचव्या रांगेतल्या एका बाईंनी त्याच जहाजाकडे बघत सावकाश, तोंडावर हातसुद्धा न ठेवता, जांभई दिली. जांभई तरी कशी, मांजर उन्हात देतं तशी, शेवटी खांदे झटकून संपणारी. बत्तीस फुटी जहाज, दोन्ही कडांवरून खरं पाणी गळतंय, वर तीन डोलकाठ्या, वाजवणारे जीव तोडून वाजवतायत, आणि बाईंना झोप येतेय. मी ‘जांभया’ या रकान्यात रेघ ओढायला पेन्सिल टेकवली आणि रेघ पुरी व्हायच्या आत मलाही जांभई आली. जांभईपाठोपाठ छातीत ती ओळखीची कळ आली, आधी मुंग्या, मग ऊब, आणि मला कळलं की घरी गाठोडं उठलं असणार. किंवा उठलं नसेलही, पण माझ्या अंगाने आपली वेळ पाळली. गाठोडं म्हणजे आमचा मुलगा. दवाखान्यातून निघताना नर्सने त्याला असा काही गुंडाळून दिला होता की नवऱ्याने विचारलं, “हे गाठोडं कुठून धरायचं?” आणि तेच चिकटलं. त्याला सात महिने झाले. सात महिन्यांत माझं घड्याळ मनगटावरून उठून इथे येऊन बसलंय. मी शाल पुढे ओढली आणि रेघ पुरी केली.

मी चेहरे वाचायला बसते. आमच्या कामात त्याला दुसरं नाव नाही. स्टेजच्या डाव्या अंगाला भिंतीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एक खोपट आहे. पूर्वी तिथे बसून कोणीतरी दिवे फिरवत असे, आता दिवे आपले आपण फिरतात आणि खोपट माझं झालं. समोर तिरप्या लाकडी पट्ट्यांची जाळी, जाळीपलीकडे सगळे प्रेक्षक, आणि माझ्या पाठीशी स्टेज. मध्ये काही आड नाही, मान वळवली की सगळं दिसेल. पण मान वळवायची नाही. हा नियम आमच्या नेपथ्यकारांचा. सेटमधला प्रत्येक खिळा कुठे असावा हे ज्यांच्या डोक्यातून निघतं ते हे गृहस्थ, खिशात कायम लोखंडी पट्टी, आणि अंगानेही तसेच, सरळ, पातळ, कडांना जरा धारदार. तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणतो आणि पाठीमागे फुटपट्टी. फुटपट्टी म्हणतात, “तू एकदा वळलीस ना, की तुला जे वाटेल तेच तुला लोकांच्या तोंडावर दिसायला लागेल. मग माझ्याकडे लोकांची गोष्ट येणार नाही, तुझी येईल. तुझी मला नको.” असं अगदी प्रेमाने म्हणतात. म्हणून गेली सात वर्षं मी एरवी रंगकाम करते, आणि नवा खेळ लागला की पहिले काही दिवस, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, कागदाला एक इवलासा दिवा चिकटवलेला, अशी चेहऱ्यांकडे तोंड करून बसते. रकाने ठरलेले. टाळ्या, हशा, ‘आ’, खोकला, जांभया, मोबाईल. माझ्या पाठीमागे महाल कोसळले, जंगलं पेटली, एकदा खराखुरा घोडा येऊन गेला. मला तो वासावरून कळला.

आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. स्टेजवर जे होतं ते रोज तेच होतं. चेहऱ्यांवर रोज वेगळं होतं. जहाज वर येतं तेव्हा बाराशे हनुवट्या एकदम उचलल्या जातात, शेतातून वारा जावा तशा, पुढून मागे. त्या अंधारात एवढे गळे एकदम उघडे दिसले की मला माणसांची उगीच माया येते. त्याआधी वादळ झालं होतं. मोठे पंखे लावून खरा वारा सोडतात प्रेक्षकांवर, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका रुबाबदार गृहस्थांनी दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं आणि मला समजलं की केस त्यांचे नाहीत. शेजारच्या त्यांच्या बायकोने तोंड दुसरीकडे केलं, आणि तिचे खांदे हलत राहिले. ते मी ‘हशा’मध्ये टाकलं. टाकावं की नाही याचा क्षणभर विचार केला, पण हशा तो हशा. फक्त आज माझं लक्ष लागत नव्हतं. बाळंतपणानंतर हा माझा पहिलाच खेळ, आणि आज ज्याच्यासाठी मला खास बोलावलं होतं ते अजून पुढे होतं, मध्यंतरानंतर नवव्या मिनिटाला.

नवव्या मिनिटाला घर फिरतं. गोष्ट अशी की एक मुलगी भावाला शोधायला त्या जहाजातून जाते, पुष्कळ हिंडते, भाऊ काही सापडत नाही, आणि ती आपल्या गल्लीत परत येते. तिच्यासमोर तिचं तीन मजली घर उभं असतं, दर्शनी बाजूने, सज्जे, नक्षी, रंगीत काचा, सगळं झगमगीत. मग गाणं थांबतं, वाद्यं थांबतात, आणि ते अख्खं घर आपल्या चाकांवर हळूहळू फिरून मागची बाजू दाखवतं. स्वयंपाकघर, जिना, मोरी, मागची भिंत. बेचाळीस सेकंद लागतात. बेचाळीस सेकंद कोणी गात नाही, कोणी बोलत नाही, फक्त चाकांची घरघर. खेळाच्या निर्मात्या, ज्यांना आम्ही मालकीणबाई म्हणतो, त्यांना हे पहिल्या दिवसापासून डाचत होतं. “बेचाळीस सेकंद लोकांनी काय करायचं? खोकायचं? मी एवढं जहाज आणलं, वादळ आणलं, आणि ऐन वेळी लोकांना सामान हलवायचा आवाज ऐकवू?” त्यांच्या मनात घराऐवजी एक मोठा पडदा होता, त्यावर चित्र फिरणार, आठ सेकंदांत काम. फुटपट्टी म्हणाले, एक दुपार द्या, चेहरे वाचून घेऊ. चेहरे नाही म्हणाले तर मी स्वतः घर मोडतो. आणि मग त्यांनी मला फोन केला. “मागची भिंत तुझी आहे, त्यामुळे खरं म्हणजे दुसरं कोणीतरी बसायला हवं. पण दुसऱ्या कोणाला खोकल्या-खोकल्यातला फरक कळत नाही. ये.”

भिंत माझी होती ती अशी. मी ती सातव्या-आठव्या महिन्यात रंगवली. घर अजून फिरत नव्हतं, तुकड्यातुकड्यांनी कारखान्यात पडलेलं होतं, आणि मला शिडीवर चढायची बंदी, वाकायची बंदी, उभं राहिलं तर पाय सुजायचे. मग मी एका बुटक्या स्टुलावर बसून रंगवायची, आणि म्हणून त्या भिंतीवर जे काही खरं आहे ते सगळं बसल्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात आहे. दिव्याच्या बटणाभोवतीचा काळपट कळकटपणा. जिन्याच्या वळणावर मुलं हात घासत जातात तो लांब, चमकता पट्टा. तो मी मनाने काढला होता, घरात मूल नसताना. आता गाठोडं भिंतीला धरून बसतं तेव्हा त्याची ओली बोटं बरोबर त्याच उंचीवरून फिरतात आणि मला वाटतं, याने माझं काम आतून बघितलं होतं की काय. आणि बाकाच्या वर, पसरलेल्या पंजाएवढा, एक डाग. माझे वडील रोज संध्याकाळी त्याच बाकावर बसून, त्याच ठिकाणी डोकं टेकून पेपर वाचायचे, आणि भिंतीवर त्यांच्या डोक्याचा डाग पडला होता. आई दर दोन वर्षांनी भिंत रंगवून घ्यायची आणि डाग सहा महिन्यांत रंगातून वर यायचा, कोणीतरी बोलावल्यासारखा. आई म्हणायची, “तुमचं डोकं आहे की कंदील?” वडील पेपर खाली न करता म्हणायचे, “उजेड पडतोय का बघ जरा.” आई ओरडायची आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी तिचंच डोकं टेकलेलं असायचं, शेंगा सोलताना. मी तो डाग काढला तो कोणाला न विचारता. फुटपट्टींनी एकदा येता-जाता पाहिला. “हे काय? ओल?” “डोकं टेकलेलं आहे, सर.” ते बाकावर बसले, खिशातली पट्टी काढली, मागे हात करून मोजलं, आणि उठताना म्हणाले, “बोटभर वर घे. आपण वाचताना मान ताठ ठेवतो, नंतर ढिली पडते.” पुढच्या आठवड्यात मला रजेवर जावं लागलं. घर जोडलेलं, उभं राहिलेलं, दिव्यात आलेलं मी पाहिलंच नाही. पोरगं झाल्यावर बघू, पोरगं झाल्यावर बघू, असं म्हणता म्हणता आज आले ते पाठ करून बसायला.

मध्यंतरात सासूबाई गाठोड्याला घेऊन मागच्या दाराने कपडेपटात आल्या होत्या. मी त्यांना आई म्हणते, आणि त्या मला काय म्हणायचं ते अजून ठरवतायत. दोन्ही बाजूंना खलाशांचे ओले डगले टांगलेले, मधल्या खुर्चीत मी, आणि मांडीवर गाठोडं, ज्याला एकदा दूध लागलं की जगात दुसरा धंदा नाही. “लिफ्टमध्ये सगळ्यांकडे बघून हसत होता,” आई म्हणाल्या. “मग दार उघडलं आणि भूक आठवली. बापावर गेलाय.” त्यांनी एक डगला बोटाने उचलून पाहिला. “हे काय, रोज भिजवतात? आणि रोज वाळवतात?” “रोज.” “बघा. आणि मी दोन टॉवेल जास्त धुतले की घरात चर्चा होते.” मग डगला सोडून दिला. “तुझी भिंत झाली का?” “नवव्या मिनिटाला आहे.” “मग कशी दिसते?” “मी बघणार नाहीये. मला लोकांकडे बघायचंय.” “अगं, म्हणजे तुझ्या पाठीमागे तुझंच घर फिरणार आणि तू वळणार नाहीस? माझ्याच्याने नाही व्हायचं. शेजारचं दार वाजलं तरी मी वळते.” “काम आहे, आई.” “काम आहे हे खरं,” त्या म्हणाल्या, आणि गाठोड्याच्या टाळूवरून हात फिरवत, जणू त्यालाच सांगतायत अशा सुरात म्हणाल्या, “लोकांना नाही आवडली तर काय करणार रे तुझी आई?” मी म्हटलं, “तसं लिहिणार.” गाठोड्याने तेवढ्यापुरतं तोंड सोडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कामाला लागलं. पण तसं लिहिलं तर घर जाणार होतं, आणि घराबरोबर बाक, बटण, जिन्यावरचा पट्टा, सगळं भंगारात. शिवाय मला आणखी एक गोष्ट मनातल्या मनात माहीत होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. तो डाग काढताना मला जी खात्री होती तशी मला त्यानंतर कशाचीच वाटली नव्हती. सात महिने मी पोराला ताप आहे की नाही हे तीन-तीनदा हात लावून बघतेय. तो हात अजून माझा आहे का, ते मला आज कळणार होतं.

आई परत गेल्या आणि मी घाईने बायकांच्या बाथरूमच्या रांगेत उभी राहिले, तर पुढे पाचव्या रांगेतल्या जांभईवाल्या बाई. बरोबर त्यांची बहीण असावी, नाकं सारखी होती. बहीण चिडलेली. “मी एवढी हौसेने आणते आणि तू जहाजासमोर जांभया देतेस. शरम वाटली मला.” “अगं ती झोपेची नव्हती.” “मग कसली?” “भीतीची. मला भीती वाटली की जांभई येते. लहानपणापासून. परीक्षेचा पेपर हातात पडला की जांभई, दातांच्या डॉक्टरकडे जांभई. ते जहाज असं वर यायला लागलं ना, मला वाटलं आता हे थांबत नाही, येतंय माझ्या अंगावर. पाय गार पडले माझे.” बहीण म्हणाली, “म्हणजे आवडलं?” “अगं आवडलं म्हणजे काय. मी परत येणारे. मागच्या रांगेचं घे फक्त.” मी रांगेत उभ्या उभ्या भिंतीला टेकले. सात वर्षांतल्या सगळ्या जांभया माझ्यासमोर ओळीने येऊन उभ्या राहिल्या. एका खेळात जंगलातला कंदिलांचा प्रवेश होता, त्याला मी नऊ जांभया लिहिल्या होत्या, आणि तो कापला गेला. ते नऊच्या नऊ जण कदाचित जीव मुठीत धरून बसले असतील. आणि मग त्याहून वाईट आठवलं. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून “हे बघा डोकं” म्हटलं होतं तेव्हा नवऱ्याने जांभई दिली होती, आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. तो बिचारा काय झालं, काय झालं म्हणून मागे मागे फिरत होता. मला हसू यायला लागलं, एवढं की पुढच्या बाईंनी, त्याच त्या, मागे वळून मला विचारलं, “घाई आहे का तुम्हाला? जा पुढे.”

तर अशी मी, धुतली गेलेली, चेहऱ्यांवरचा सात वर्षांचा विश्वास बाथरूमच्या रांगेत ठेवून, पुन्हा खोपटात येऊन बसले. पडदा उघडला. पाठीमागे मुलगी गल्लीत आली, गायली. झगमगीत घराचा उजेड लोकांच्या गालांवर पिवळा पडला, एक मोठा ‘आ’ आला, तो मी लिहिला. मग गाणं थांबलं. पाटीच्या कोपऱ्यातलं घड्याळ मी दाबलं. चाकं घरघरली, खोपटाची फळी माझ्या तळपायाखाली थरथरली, आणि चेहऱ्यांवरचा पिवळा उजेड एका बाजूने पुसला जायला लागला. सेकंद चार, खोकला, मागून. सेकंद सात, खोकला, उजवीकडून, खाकरल्यासारखा. सेकंद नऊ, एक मोबाईल उजळला. मी रेघा ओढत होते आणि प्रत्येक रेघ माझ्याच अंगावर ओढल्यासारखी वाटत होती. अकरा. बारा. बाराव्या सेकंदाला मोबाईल विझला. कोणी विझवला नाही, हातातच राहिला, मांडीवर पालथा पडला. त्यानंतर खोकला आला नाही. टाळ्या नाहीत, हशा नाही, ‘आ’ नाही. माझ्या एकाही रकान्यात बसेल असं काही होईना. चौथ्या रांगेत दोन शाळकरी मुली काहीतरी चघळत होत्या, त्यांचे जबडे थांबले. केस धरून बसलेल्या त्या गृहस्थांनी हात खाली घेतले होते. लोक एकमेकांशी बोलायला लागले. कुजबुज म्हणजे कंटाळा, हे मला पाठ आहे, पण ही कुजबुज तशी नव्हती. डोळे स्टेजवरून हलत नव्हते आणि तोंडं शेजारच्याच्या कानाला लागलेली, इथे एक, तिथे एक, मग रांगेच्या रांगेत, जणू प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता कोणालातरी काहीतरी सांगायचं होतं. सोळाव्या सेकंदाला सातव्या रांगेतला एक दांडगा, टकला माणूस, जो पूर्ण पहिला अंक हाताची घडी घालून, वसुली करायला आल्यासारखा बसला होता, त्याची घडी सुटली. त्याचा उजवा हात वर गेला, आणि त्याच्या स्वतःच्याही नकळत, स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे डोकं टेकतं तिथे जाऊन बसला. सतरा.

आणि मी वळले. ठरवून नाही. उकळी आली की दुधाकडे वळतो तशी वळले. समोर घर होतं. तीन मजले, अर्धं फिरलेलं, आणि जसजसं फिरत होतं तसतसा एकेका खोलीत साधा, घरगुती दिवा लागत होता. मला वाटलं होतं मला माझी भिंत दिसेल. भिंत दिसलीच नाही. मला दिसलं की तिथे कोणीतरी राहतंय आणि आत्ताच उठून दुसऱ्या खोलीत गेलंय. बाकावर दिवा लागला, डागाच्या अगदी शेजारी, आणि मी चक्क खोपटाच्या काठाला धरून पुढे झुकले, कोण उठून गेलं ते बघायला. जिन्यावरचा पट्टा चमकत चमकत वळणाआड गेला. मग चाकं थांबली, मुलगी गायला लागली, आणि मी परत चेहऱ्यांकडे वळले तेव्हा घड्याळावर छप्पन्न झाले होते, आणि माझे गाल ओले होते, आणि शालही. कागद कोरा होता. सतराव्या सेकंदापुढे कागदावर काही नव्हतं.

भरायला वेळ होता. खेळ संपायला अजून पाऊण तास होता आणि पेन्सिल हातात होती. खोकला शून्य, मोबाईल शून्य, हे लिहिलं असतं तर ते बहुतेक खरंच असतं. बहुतेक. मी पेन्सिल टेकवली आणि मला ती बहीण आठवली, मग कसली, असं विचारणारी. मी पेन्सिल उचलली.

साडेपाचला कारखान्यात, रंगाच्या उलट्या डब्यांवर आम्ही तिघं बसलो. मालकीणबाईंनी गोल जाड चष्मा पुसला. “वाचा.” मी वाचलं. दोन खोकले, एक मोबाईल, मग कुजबुज, बारा ते सतरा. “पुढे?” “पुढचं नाही माझ्याकडे.” “नाही म्हणजे?” “मी वळले. घर थांबेपर्यंत घराकडेच बघत होते. आणि ती भिंत मी रंगवलेली आहे, त्यामुळे माझं वळणं धरू नका.” फुटपट्टींच्या हातातली पट्टी मांडीवर आपटायची थांबली. सात वर्षांत ते मला कधी रागावले नव्हते, आणि आता रागावतील असं वाटून मी पायांकडे बघत बसले. पण बोलल्या मालकीणबाई. “जहाजाला वळला होतात?” “नाही.” “पाणी गळतं तेव्हा?” “नाही.” “वादळाला?” “पाठीला वारा लागला फक्त.” “बत्तीस फूट आहे हो माझं जहाज,” त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात एवढं खरं दुःख होतं की फुटपट्टींना खोकल्याचं निमित्त करावं लागलं. हा खोकला कोणता ते मला कळलं.

“हे काही मी मानणार नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “आईच ती, आपल्या पोराकडे वळणारच. उद्या मी बसते.” “तुम्ही?” “का? दिसतं मला. आणि मी काही घरावर भाळणाऱ्यांतली नाही, मला पडदा हवाय. ते घर मी तालमीत अकरा वेळा पाहिलंय, बाराव्यांदा बघायला कशाला वळू?” फुटपट्टी अगदी सौम्यपणे म्हणाले, “आणि वळलात तर?” “वळले तर तुमचं घर राहू दे. पण मी वळायची नाही. माझ्या पाठीमागे लोक आयुष्यभर काय काय करत आलेत, मी कधी वळून बघितलेलं नाही.” असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवरची पाटी उचलली, इवला दिवा लावून पाहिला, विझवला, आणि काखोटीला मारून गेल्या. त्या गेल्यावर फुटपट्टींनी मला उद्याचं तिकीट दिलं. “समोरून बघ एकदा.” मग पट्टीने कान खाजवत म्हणाले, “बोटभर वर घेतला होतास का?” “घेतला होता.” “हं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला बसले. आजूबाजूला माणसं होती, खांद्याला खांदा लागत होता, आणि त्यांच्याकडे न बघता बसणं मला जड जात होतं. पण जहाज वर आलं आणि मी सगळं विसरले. माझ्या तोंडून ‘आ’ निघाला, चांगला मोठा, रेघ ओढण्यासारखा. खरंच बत्तीस फूट होतं. मालकीणबाईंना हे सांगायला हवं, असं मनात आलं. घरी गाठोड्याला आज नवरा सांभाळत होता. काल घरी गेल्या गेल्या मी त्याची त्या जुन्या जांभईबद्दल माफी मागितली होती, आणि त्याला कुठली जांभई ते काही केल्या आठवेना. “पण घाबरलो होतो मी जाम,” तो म्हणाला. मध्यंतर झालं. मग गल्ली, मग गाणं, मग ते झगमगीत घर, आणि गाणं थांबलं. चाकांची घरघर समोरून ऐकली तर फार खोल वाटते, पोटातून आल्यासारखी. मला घर बघायचं होतं. खरंच बघायचं होतं, आज हक्काने, समोरून, तिकीट असलेल्या माणसासारखं. पण माझी मान डावीकडे गेली. जाळी तिथेच होती, काळोखात काळी. कुठे बघायचं ते माहीत नसतं तर काहीच दिसलं नसतं. मला दिसले ते पट्ट्यांमागे चष्म्याचे दोन गोल, पाटीवरच्या दिव्याने खालून उजळलेले, स्थिर, प्रेक्षकांवर रोखलेले. मी मनात मोजत होते. सात. नऊ. मागे कोणीतरी खोकलं, गोल किंचित हलले, लिहिलं असणार. बारा. माझ्या शेजारचे आजोबा पलीकडच्या आजींच्या कानाला लागले, “हे बघ, ओट्यावर तुझं फडकं,” म्हणाले, आणि आजी म्हणाल्या, “गप, बघू दे.” सतरा. गोल तिथेच. वीस. चोवीस. बाईंनी पाटी तरी किती आवळून धरली असेल. आता संपणार, असं मला वाटलं. सत्तावीस. एकोणतीस. तिसाव्या सेकंदाला डावा गोल विझला. मग उजवा.

त्या बाराशे माणसांत घराकडे न बघणारी मी एकटीच उरले होते. बेचाळीस झाले, चाकं थांबली, मुलगी गायला लागली, तरी जाळीत चष्मा परत आला नाही. पट्ट्यांमागे, इवल्या दिव्याच्या उजेडात, एक पांढरा, सैल झालेला अंबाडा होता, आणि त्यात पेन्सिल खोचून ठेवलेली होती.